मुकी सालई

दारव्ह्याच्या बाजारातल्या अब्दुल गनींच्या गोदामातून लोबानाचं पोतं बाहेर पडायचं, तर आधी रुखमाबाईनं "शिवा" म्हणायला हवं. हा तिथला कायदाच होता, आणि कुणी तो कागदावर उतरवला नव्हता म्हणूनच टिकला होता. निवडलेला सालईचा डिंक पोत्यात भरून झाला, की गनीभाई त्यातली चिमूट लोबानदानीतल्या निखाऱ्यावर टाकत. धूर उठे. रुखमाबाई पदर सावरून पुढं झुके आणि डोळे मिटून एकच श्वास घेई. गनीभाईंच्या हातात सुतळी ओवलेला दाभण तयार असे, पण तो तसाच थांबे. मग बाई म्हणे "शिवा", नाहीतर म्हणे "उपसा". उपसा म्हटलं की भरलेलं पोतं ताडपत्रीवर पालथं व्हायचं. मग बाहेर अमरावतीच्या व्यापाऱ्याची गाडी कितीही हॉर्न वाजवत उभी असो.

सालई हे आपल्याकडच्या खडकाळ टेकड्यांवरचं झाड. माती नाही, पाणी नाही, तिथं हे खुशाल उभं. अंगावरची साल पापडासारखी सुटत असते, उन्हाळ्यात एक पान राहत नाही, आणि परक्या माणसाला वाटतं की झाड मेलं. दिवाळी उलटली की सालीला चीर द्यायची. चिरेतून डिंक पाझरतो, तो टोपलीत निथळायचा, सुकवायचा, फोडायचा, निवडायचा. जाळला की तोच लोबान आणि तोच धूप, ज्याचं त्यानं नाव द्यावं. पण सगळ्या सालई सारख्या नसतात. एकाच टेकडीवर शेजारी शेजारी दोन झाडं असतात. एकीचा डिंक जाळला की घर भरून जातं, दुसरीचा जाळला की नुसता धूर आणि खोकला. अशा डिंकाला गोदामात मुका डिंक म्हणत. दिसायला दोन्ही जवळपास एकच. किसनसिंग तांड्यावरून डिंक घेऊन यायचा तेव्हा सगळी झाडं एकाच टोपलीत कोंबलेली असायची, आणि विचारलं तर म्हणायचा, "जंगलात कोन येगळं करत बसते, बाई? तुमी हाये ना."

तर हे वेगळं करण्याचं काम रुखमाबाईचं. ती नेरकडची, लग्न होऊन दारव्ह्यात आली. नवरा भीमराज जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा, तो गेल्यावर ही गनीभाईंकडं झाडलोट करायला लागली. पहिल्याच महिन्यात झाडू मारता मारता एका ढिगापाशी थबकली आणि म्हणाली, "या ढिगात दोन झाडं भांडून राह्यली." गनीभाई हसले. मग सहज म्हणून त्यांनी दोन्हीकडचे खडे जाळून पाहिले, आणि हसायचे थांबले. त्या दिवसापासून झाडू दुसऱ्याच्या हातात गेला. पुढं बाजारात तिची अशी ख्याती झाली, की मसाल्याचे दुकानदारसुद्धा विलायची घ्यायच्या आधी तिच्या नाकाखाली धरत. बाई वरवर म्हणायची, "मी काय कुत्रं हाओ का?" पण तिला ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही? सून पायल घरात सासू म्हणून जितका मान देत नसे, तितका बाजार देत होता.

गनीभाईंची बायको रशीदा लवकर गेली. मागं राहिली मुलगी फरहाना. ती गोदामातच पोत्यांवर लोळत वाढली. तिची वेणी रुखमाबाई घालायची, शाळेच्या डब्यात कधी तिच्याच घरची भाकर जायची. पोरीच्या केसांना लोबानाचा वास येतो म्हणून वर्गातल्या पोरी चिडवायच्या, तेव्हा ती घरी येऊन रडायची आणि रुखमाबाई म्हणायची, "त्याईच्या केसाले खोबरेल तेलाचा वास येते. कोणता महाग हाये, सांग." पुढं हीच पोर नागपूरला शिकायला गेली, आणि साऱ्या दुनियेतले विषय सोडून प्रयोगशाळेत सालईचंच झाड घेऊन बसली.

आता त्या वर्षाचं सांगायला हवं. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली. आधी लोकांना आनंद झाला, वावरात उभं राहून फोटो काढले. मग बोंडात अळी दिसली आणि जो तो पंप पाठीवर घेऊन फवारत सुटला. पूर्वी पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, कमरेएवढी असायची, औषध खाली पडायचं. आता ते वरून तोंडावर यायचं. यवतमाळच्या दवाखान्यात फवारणीच्या माणसांची रांग लागली. तरी फवारणी थांबली नाही, कारण अळी थांबली नव्हती.

गनीभाईंचंही नेरच्या रस्त्याला वावर होतं. पावसाळ्यात डिंक येत नाही, गोदामात आठवड्याला एखाद-दुसऱ्या दिवसाचंच काम. पोळ्याच्या तोंडावर गनीभाई म्हणाले, "बाई, पाणी भरायले माणूस भेटून नाई राह्यला. जाता का वावरात?" रुखमाबाई गेली. तिनं काही फवारलं नाही. बायका फवारत नाहीतच. त्या विहिरीवरून पाणी आणतात, ड्रमात औषध ओतून काठीनं ढवळतात आणि पंप भरून देतात. दुपारी वारा फिरला. तिचे डोळे चुरचुरले, डोकं जड झालं, बांधावर बसून ती भडाभडा ओकली. सोबतच्या बायकांनी लिंबू पिळून दिलं. घरी येऊन ती पडून राहिली. गनीभाईंनी चौकशीला माणूस पाठवला तेव्हा आतूनच ओरडून सांगितलं, "पित्त झालं म्हना."

चार दिवसांनी उठून ती चुलीपाशी बसली होती. पायल अंगणातून धावत आली आणि पातेलं खाली ओढलं. "आत्याबाई, दूध जळून कोळसा झालं! वास नाई आला तुमाले?"

नव्हता आला. रुखमाबाईनं कांदा फोडला, मिरची ठेचली, रॉकेलच्या डब्यात तोंड घातलं. डोळ्याला पाणी आलं, नाकाला काही नाही. दुसऱ्या दिवशी ती गोदामात गेली आणि निवडक डिंकाची पेटी उघडून तिच्यावर वाकली. समोरचा माणूस काहीतरी बोलतोय, ओठ हलताना दिसतायत आणि आवाजच येत नाही, असं तिला झालं. तिनं झाकण लावलं. पुन्हा उघडलं. मग घाबरून इकडं तिकडं पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून.

तिनं का सांगितलं नाही, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिनं काम जाईल म्हणून, असं उत्तर दिलं असतं. ते खरं होतंच. पण त्याहून मोठं कारण दुसरं होतं. नाक गेलं म्हटलं की कशानं गेलं हे आलं, आणि कशानं गेलं म्हटलं की कुणाच्या वावरात हेही आलं. ज्या माणसानं नवरा मेल्यावर पोटाला लावलं, त्याच्यासमोर उभं राहून हे बोलायचं कसं? जिभेला हाड नसलं तरी तिची जीभ वळेना.

दिवाळीनंतर डिंक यायला लागला आणि रुखमाबाई कामाला बसली. इतक्या वर्षांत डोळे आणि बोटंही काही झोपली नव्हती. चांगला डिंक जरा सोनेरी दिसतो, चटकन फुटतो. मुका जरा मळकट, चिवट. नेहमीच नाही, पण बहुतेक वेळा. तेवढ्या भांडवलावर तिनं गाडा ओढला. लोबानदानीपुढं झुकायची, डोळे मिटायची, धुरानं घसा खवखवायचा, आणि म्हणायची, "शिवा." अधूनमधून उगाच "उपसा" म्हणायची, कारण दरवेळी "शिवा" म्हणणाऱ्या नाकावर कोण भरवसा ठेवणार? बिचारे गनीभाई चांगलं पोतं उपसत बसायचे. एकदा अमरावतीचा व्यापारी कुरकुरला, की यंदा मालात दम नाही. गनीभाई त्याच्यावर उखडले, "माल बाईच्या नाकाखालून गेला हाये. नसन पटत तं दुसरीकडून घ्या." रुखमाबाई मान खाली घालून खडे निवडत राहिली. तिला तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

उन्हाळ्यात फरहाना आली ती पेटीभर लहान लहान बाटल्या घेऊन. किसनसिंगला सोबत घेऊन तिनं टेकडीवरच्या सालईंना पत्र्याचे बिल्ले ठोकले होते, प्रत्येकीचा डिंक वेगळा गोळा केला होता.

"काय पाहून राह्यली वं तू या झाडात?" रुखमाबाईनं विचारलं.

फरहाना पोत्यावर मांडी घालून बसली. लहानपणी बसायची तशीच. "मावशी, लय जुन्या काळात, मानूस बी नव्हता तवा, या सालईच्या पूर्वजाकडून एक चूक झाली. पुढच्या पिढीले आपल्या जनुकांचा संच द्याचा असते. त्यानं एकाच्या जागी दोन संच देऊन टाकले. एकेका जनुकाची जोडी झाली."

"अन् ते झाड मेलं नाई?"

"बहुतेक मरतात. एखांदं वाचते, अन् मंग त्याचं नशीब फळफळते. आता पाय, अब्बाकडं आधी एकच दाभण होता ना? तवा तू तो वाकवला असता तं?"

"तुया बापानं मले वाकवलं असतं."

फरहाना हसली. "अन् दुसरा आनला तवा?"

रुखमाबाईनं हातातल्या डिंक उकरायच्या आकड्याकडं पाहिलं. तो दुसरा दाभणच होता. टोपलीच्या विणीत अडकलेला डिंक निघत नाही म्हणून तिनंच तो दगडानं ठोकून वाकवला होता, आणि आता त्याच्याशिवाय तिचं पान हलत नव्हतं.

"एक पोतं शिवत राह्यला म्हून दुसरा वाकवता आला," फरहाना म्हणाली. "झाडातबी तसंच. एक जनुक जुनं काम करत राह्यलं, म्हून जोडीचं मोकळं झालं. ते बदलत बदलत डिंकात वास भरायले शिकलं. मंग त्याच्याबी नकला झाल्या, त्याईचं एक घरानंच झालं. कोनी लिंबासारखा वास करते, कोनी कापरासारखा."

"अन् तो?" रुखमाबाईनं कोनाड्याकडं बोट केलं. तिथं एक तिसरा दाभण पडून होता, नेढं तुटलेला, गंजलेला. कुणी वापरत नव्हतं आणि कुणी फेकतही नव्हतं.

"तसे तं झाडात ढीगभर असतात. बिघडून गप्प पडलेले. मले हेच पाहाचं हाये, की मुक्या सालईतले वासाचे जनुक हरवले, का आहेत पन गप्प बसले." तिला एकदम हुरूप आला. "अन् मावशी, वावरातली कपाशी बी अशीच दुहेरी संचाची हाये बरं. दोन कपाशी कधी काळी एकत्र येऊन—"

"राहू दे तुई कपाशी," रुखमाबाई म्हणाली. "बाटल्या काढ."

फरहानाला वाटलं, मावशीला कंटाळा आला.

बाटल्यांतला डिंक कुटून, वस्त्रगाळ करून एकसारखा केलेला होता. रंग एक, पोत एक. डोळ्यांनी लबाडी करू नये म्हणून मुद्दामच तसं केलं होतं. मावशीच्या डोळ्यांवर संशय म्हणून नव्हे, कामाची रीतच ती. कोणतं द्रव्य किती आहे हे मोजायला नागपुरात यंत्र होतं, पण त्यावर पाळी लागायला वेळ होता, आणि माणूस कशाला चांगला वास म्हणतो हे यंत्राला कुठून कळणार? म्हणून आधी मावशीनं दोन ढीग लावून द्यायचे, वासाचे इकडं, मुके तिकडं. त्या ढिगांवरून झाडं निवडायची आणि पाऊस पडून पालवी फुटली की त्याच झाडांची पानं प्रयोगशाळेत न्यायची.

रुखमाबाईनं पहिली बाटली उघडून नाकाशी धरली. पोर टक लावून बघत होती. बाईनं चिमूट बोटात चोळली, जिभेवर ठेवली. कडू. दुसरी उघडली. तीही कडू. तिच्या कानशिलावरून घाम ओघळला आणि फरहाना म्हणाली, "पंखा इकडं करू का, मावशी?" त्या क्षणी सांगून टाकता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण दारात गनीभाई येऊन उभे राहिले होते, आणि लेकीच्या कामाला आपल्या बाईचा हात लागतोय म्हणून त्यांची छाती अशी फुगली होती, की रुखमाबाईनं ती बाटली उजवीकडं ठेवून दिली. पुढची डावीकडं. मग तिचा हात भराभर चालला. चार बरोबर येतील, चार चुकतील, झाडांना काय फरक पडतो, असं ती मनाला सांगत राहिली. मन काही ऐकत नव्हतं.

पाऊस आला, सालई हिरव्या झाल्या, फरहाना पानं बर्फात घालून घेऊन गेली. रुखमाबाईला वाटलं, सुटले.

पुन्हा पोळा आला. मारबतीचे पुतळे मिरवायच्या, बैल सजवायच्या गडबडीत बाजार होता. सणासुदीचा माल जायचा म्हणून गोदामात पोती भरणं चाललं होतं. सकाळी कामावर येताना रुखमाबाईला नेरच्या रस्त्याला लालीबाई भेटली, किसनसिंगची बायको. हातात रिकामी बादली. "गनीभाईच्या वावरात पानी भरायले चालली," म्हणाली. रुखमाबाई म्हणाली, "बरं." पुढं काहीतरी म्हणायचं होतं. ते न म्हणताच ती गोदामात आली आणि सकाळभर तिचा हात कामात लागला नाही.

दुपारी फरहाना आली. नागपूरची गाडी उतरून थेट गोदामात. न सांगता आली होती. गनीभाई पोतं भरून लोबानदानी पेटवत होते. लेकीचा चेहरा पाहून त्यांनी फुंकणी खाली ठेवली.

"काय झालं, बेटा?"

"काम बिघडलं, अब्बा." ती पोत्यावर बसली. "मी काही बाटल्या जोडीच्या ठेवल्या होत्या. एकाच झाडाचा डिंक, दोन बाटल्यांत, येगळ्या खुणा. काम बरोबर चाललं का नाही ते पाहायले असं करावंच लागते. आता उघडून पाह्यलं तर जोड्या फुटल्या. एक बाटली वासाच्या ढिगात, तिची जोडीदार मुक्याच्या."

"मतलब?"

"मतलब काय! माझ्याच हातून खुणा उलटसुलट झाल्या. बाटल्यांच्या झाल्या तर पानांच्याबी झाल्या असतील. मी सरांना सांगून टाकलं. सारी पानं फेकून द्यायची. एवढ्या साऱ्यांचं काम माझ्या एकटीच्या गबाळेपणानं गेलं." तिचा आवाज चिरकला. "सर म्हणले, पुढच्या वर्षी हा विषय दुसऱ्याकडं देऊ."

"असं कसं? बाईचं तर काही—"

"मावशीचं नाक कसं चुकन, अब्बा?" ती जवळजवळ ओरडलीच. "चुकलं तं माझंच चुकलं ना!"

रुखमाबाईच्या हातातला आकडा खाली पडला. तिला वाटलं होतं, लबाडी उघडी पडली तर लोक तिच्याकडं बोट दाखवतील. पोर स्वतःकडंच बोट दाखवून बसेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. इतका विश्वास! त्या विश्वासाची तिला भीतीच वाटली.

"फरू," ती म्हणाली. "तुया खुना बरोबर हायेत. मले वास येत नाई."

"आज?"

"कधीच. मी अंदाजानं बाटल्या ठेवल्या."

मग फरहाना उठली, डब्यातला सगळ्यात चांगला खडा तिनं निखाऱ्यावर टाकला आणि लोबानदानी रुखमाबाईच्या तोंडापुढं धरली. पांढरा धूर तिच्या चेहऱ्यावर पसरला. गनीभाईंनी सवयीनं खोल श्वास घेतला. रुखमाबाईचे डोळे पाझरले, ती खोकली, आणि तिनं मान हलवली.

"मंग पानं चांगली हायेत," फरहाना पुटपुटली. "झाडांच्या खुणा बरोबर हायेत. ढीगच चुकले. ढीग परत लावता येतील, यंत्रावर पाळी लागली की..." तिच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्याचा आनंद आला, आणि तो आला याचीच तिला लाज वाटली. मग राग आला. "मावशी, मले सांगाचं होतं ना! मी नागपुरात रात्रंदिवस स्वतःले शिव्या देऊन राह्यली. मले परकी समजली तू?"

"नाई वं माय."

"कधीपासून हाये हे?"

"मागच्या पोळ्यापासून."

"कशानं पन?"

रुखमाबाई खाली पडलेला आकडा शोधू लागली. तो समोरच पडला होता तरी शोधू लागली. गनीभाई दाभण हातात घेऊन उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, मनातल्या मनात मागचा पोळा आठवत असावेत.

"मागच्या पोळ्याले तर," ते हळू म्हणाले, "तुमी माझ्या वावरात होत्या."

"वावर कोनाचं बी असो, गनीभाई."

"मी माणूस पाठवला होता. पित्त झालं म्हणल्या तुमी."

"मंग काय म्हनू?" रुखमाबाईचा आवाज पहिल्यांदा चढला. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं त्यात होतं. "तुमच्या दारात येऊन काय म्हनू मी?"

गनीभाईंना खाली बसावं लागलं. आयुष्यभर त्यांनी सुगंध विकला होता, आणि तो ज्या नाकाच्या जोरावर विकला, ते नाक त्यांच्याच वावरात गेलं होतं. त्यांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. तोबा, एवढंच ऐकू आलं.

"मले नका पाहू," रुखमाबाई म्हणाली. "माझं जे झालं ते झालं. लालीबाई आज तुमच्याच वावरात पानी भरून राह्यली. सकाळी मले भेटली रस्त्यात. अन् मी तिलेबी नाई सांगितलं."

गनीभाई उठले. चप्पल एका पायात, दुसरी कुठं होती कुणास ठाऊक, दाभण हातातच, तसेच बाहेर पडले. त्यांची जुनी स्कूटर नेहमी दहा लाथा खायची. त्या दिवशी पहिल्याच लाथेला सुरू झाली.

गोदामात दोघी राहिल्या. फरहाना येऊन रुखमाबाईजवळ बसली, अगदी खेटून. निखारा विझत आला होता.

"फरू, एक इचारू?" रुखमाबाईनं कोनाड्यातल्या गंजक्या दाभणाकडं पाहत विचारलं. "माझं हरवलं, का गप्प बसलं?"

फरहानाला सालईच्या साऱ्या घराण्याची वंशावळ तोंडपाठ होती. ती म्हणाली, "मले नाई माहीत, मावशी. नागपूरले डॉक्टरले दाखवू." तिनं खोटी आशा दिली नाही, हे रुखमाबाईला बरं वाटलं.

उन्हं कलायच्या आत स्कूटर परत आली, आणि मागं लालीबाई बसलेली. काचेच्या भिंगांची तिची ओढणी वाऱ्यावर फडफडत होती, आणि दाढीवाला म्हातारा समोर. साऱ्या बाजारानं दुकानातून माना बाहेर काढून पाहिलं. पुढच्या आठवडाभराच्या चहावरच्या गप्पांची सोय झाली. गनीभाईंनी फवारणी बंद पाडली होती, माणसांना घरी धाडलं होतं. बंद पाडली म्हणजे अळी काही थांबणार नव्हती, आणि बाजूच्या वावरात पंप चालूच होते. तेही त्यांनी येताना पाहिलं होतं.

लालीबाई गोंधळून दारात उभी राहिली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. अर्ध्या कामातून उठवून आणलं होतं, ओरडा खायचा की काय? गनीभाईंनी डब्यातून एक खडा घेतला. त्यांनी तो तिच्या नाकाखाली धरला.

"सांग. वास येते का?"

लालीबाईनं एकदा त्यांच्याकडं, एकदा रुखमाबाईकडं पाहिलं. ही कसली परीक्षा? मग वाकून तिनं हुंगलं.

"येते ना."

"कशाचा?"

"लोबानाचा," लालीबाई म्हणाली. "अजून कशाचा येईन?" आणि तिनं तो खडा हातात घेऊन पुन्हा एकदा, उगाच, छान वाटलं म्हणून हुंगला.

वर्षभरात रुखमाबाई एकदाही रडली नव्हती. आता ती पदर तोंडात कोंबून रडली. लालीबाई तिच्याजवळ बसून "काय झालं, बाई? काय झालं?" विचारत राहिली, आणि भरलेलं पोतं तसंच उघडं राहिलं.